मांडीवरच्या प्रवाशाची कागदपत्रं

पहिल्या बाळंतपणासाठी मुलगी माहेरी येते आणि बाळ तीन-चार महिन्यांचं झालं की परत निघते. पूर्वी हा प्रवास एसटीनं नाहीतर रेल्वेनं व्हायचा. आता सोलापूर-साताऱ्याच्या घरातून निघालेलं बाळ पुण्याहून विमानात बसतं आणि दोन तासांत बंगळुरूला किंवा दिल्लीला पोचतं. नवरा तिकडे नोकरीवर असतो, सोबतीला आजी असते, आणि दुपटी, झबली, बाळगुटीची डबी असं सगळं आठवणीनं भरलेलं असतं. राहून जातो तो बाळाचा कागद.

माझ्या भाचीचं असंच झालं. पहाटे पाचला तिचा फोन आला. ती विमानतळावर चेक-इन काउंटरसमोर उभी होती, कडेवर पाच महिन्यांची लेक. काउंटरवरची मुलगी विचारत होती, "बाळाच्या वयाचा पुरावा?" भाचीकडे स्वतःचं आधार होतं, तिकीट होतं, बाळाचं मात्र काहीच नव्हतं. मग तिच्या वडिलांनी घरी कपाट उघडलं, लसीकरणाचं गुलाबी कार्ड शोधलं आणि फोटो काढून पाठवला. कार्डाची घडी फाटायला आलेली, नावाच्या जागी "बेबी ऑफ स्नेहा", त्याखाली निळ्या पेनानं जन्मतारीख आणि कोपऱ्यात दवाखान्याचा अर्धवट उमटलेला शिक्का. पर्यवेक्षकानं तो फोटो नीट पाहिला, तारीख तिकिटावरच्या तारखेशी ताडून घेतली आणि बोर्डिंग पास दिला. तोवर 40 मिनिटं गेली होती आणि आजीचे हात कापायला लागले होते.

तेव्हापासून नात्यात किंवा आमच्या सोसायटीत कुणी तान्हं बाळ घेऊन निघालं, की मी आधी कागदांचं विचारते. सगळ्या टप्प्यांची माहिती एका जागी मिळावी, म्हणून ती इथं क्रमानं सांगते.

आधी एक गोष्ट समजून घेऊ. मोठ्या माणसाचं ओळखपत्र पाहताना समोरचा एकच गोष्ट तपासतो, तिकिटावरचं नाव आणि समोरचा चेहरा एकाच माणसाचा आहे का. तान्ह्या बाळाच्या चेहऱ्यावरून काहीच ठरत नाही. म्हणून बाळाच्या कागदाला दोन वेगळी कामं करावी लागतात. बाळाचं वय दोन वर्षांच्या आत आहे का, हे पहिलं. ते कोणाचं आहे, हे दुसरं. देशातल्या प्रवासात पहिल्या प्रश्नाला महत्त्व असतं, देशाबाहेर जाताना दुसऱ्याला. कोणत्या काउंटरवर कोणता प्रश्न येतो हे कळलं, की कोणता कागद कशासाठी लागतो ते आपोआप उलगडतं.

सुरुवात तिकिटापासून करू नका, जन्मदाखल्यापासून करा.

जन्माची नोंद बाळ जिथं जन्मलं तिथल्या स्थानिक संस्थेकडे होते, आपण राहतो तिथं नाही. शहरात महापालिका किंवा नगरपालिका, गावात ग्रामपंचायत. बाळंतपण माहेरी झालं असेल, तर दाखलाही माहेरच्या गावचाच मिळणार. पुष्कळ जोडपी इथं चुकतात. पुण्यात परतल्यावर इथल्या क्षेत्रीय कार्यालयात जातात, तिथून सोलापूरला पाठवलं जातं, आणि तान्हं बाळ घरी ठेवून बापाला पुन्हा रजा काढावी लागते. माहेरहून निघायच्या आधीच दाखला हातात घेतला, तर ही वणवण वाचते.

दवाखान्यात जन्म झाला असेल, तर निबंधकाला कळवण्याची जबाबदारी दवाखान्याची असते. 1969 च्या जन्म-मृत्यू नोंदणी कायद्यानुसार 21 दिवसांच्या आत नोंद झाली, तर शुल्क लागत नाही. पुढे 30 दिवसांपर्यंत विलंब शुल्क भरून नोंद होते. 30 दिवस उलटले की वरच्या अधिकाऱ्याची लेखी परवानगी लागते, आणि वर्ष उलटलं की दंडाधिकाऱ्याचा आदेश आणावा लागतो. दवाखान्यानं कळवलं असेलच असं धरून चालू नका. घरी जाताना मिळणाऱ्या कागदांबरोबर नोंदीचं काय झालं, हेही विचारून घ्या.

आपल्याकडे बारसं साधारण बाराव्या दिवशी होतं आणि दवाखान्याचा अर्ज बहुधा त्याआधीच गेलेला असतो. त्यामुळे नोंद होते, पण नावाची जागा कोरी राहते. हा बिननावाचा दाखला वयाचा पुरावा म्हणून चालून जातो, पण पासपोर्टच्या वेळी तो अपुरा पडतो. जन्मापासून 12 महिन्यांच्या आत बाळाचं नाव विनाशुल्क घालून मिळतं, त्यानंतर 15 वर्षांपर्यंत शुल्क भरून. माझं सांगणं एवढंच, की बारशाच्या पाहुण्यांची पंगत उठली की दुसऱ्या दिवशी हे काम उरकून टाका.

नावाशी आलोच आहोत, तर इथं थोडं थांबते, कारण पुढचा बहुतेक त्रास इथूनच सुरू होतो. आपल्या दाखल्यावर नाव मराठीत आणि इंग्रजीत असं दोन्ही लिपींत असतं. मराठीत अडचण येत नाही. इंग्रजीत मात्र "ओवी" लिहिताना शेवटी आय, वाय की दोन ई? "शौर्य"च्या शेवटी ए लावायचा की नाही? "चव्हाण" तर एकाच घरात तीन प्रकारे लिहिलेलं मी पाहिलं आहे. आजोबांच्या निवृत्तिवेतनाच्या पुस्तकावर एक, बापाच्या पासपोर्टवर दुसरं आणि बाळाच्या दाखल्यावर कारकुनाला सुचलं ते तिसरं. आडनावाचं स्पेलिंग बापाच्या किंवा आईच्या पासपोर्टवर असेल तसंच, अक्षर न् अक्षर ठेवा. बाळाच्या नावाचं स्पेलिंग घरात एकदा ठरवा आणि कागदावर मोठ्या अक्षरांत लिहून नोंदणीच्या खिडकीवर द्या. तोंडी सांगितलेलं स्पेलिंग ऐकणाऱ्याच्या सवयीनुसार लिहिलं जातं.

आईच्या नावाकडे आपलं सगळ्यांत जास्त दुर्लक्ष होतं. आपल्याकडे लग्नानंतर आडनाव बदलतं, मधलं नाव बदलतं, काही घरांत अजून पहिलं नावही बदलतात. दवाखान्यात केस पेपर काढताना घाईत जे नाव सांगितलं जातं, तेच पुढे दाखल्यावर येतं. मग दाखल्यावर आई "स्नेहा अमोल पाटील" असते आणि तिच्या स्वतःच्या आधारवर अजून "स्नेहा विठ्ठल जाधव". देशातल्या विमानासाठी यावरून सहसा अडत नाही. परदेशी जाताना, विशेषतः आई एकटी मुलाला घेऊन जात असेल तेव्हा, हे मूल आपलंच आहे हे दाखवायला तिच्याकडे एकमेकांशी जुळणारे कागद असत नाहीत. म्हणून बाळंतपणाच्या दवाखान्यात पहिल्याच दिवशी तिच्या पासपोर्टवर किंवा आधारवर आहे तेच नाव सांगा. दोन नावं आधीच झाली असतील, तर विवाह नोंदणीचा दाखला जवळ ठेवा. दोन्ही नावं एकाच बाईची आहेत हे तो सांगतो.

दाखला हाती आला की पुढचं पाऊल आधारचं. पाच वर्षांखालच्या मुलाला मिळणाऱ्या आधारला बाल आधार म्हणतात, आणि ते निळ्या रंगाचं असतं. त्यासाठी बोटांचे ठसे किंवा डोळ्यांची नोंद घेत नाहीत. नुसता फोटो काढतात आणि ते आई किंवा वडिलांच्या आधारला जोडतात. जन्मदाखला आणि एका पालकाचं आधार एवढं नेलं की पुरतं. मूल पाच वर्षांचं झालं की ठसे आणि डोळ्यांची नोंद करून घ्यावी लागते, आणि सातव्या वर्षानंतरही ती राहिली तर आधार निष्क्रिय होऊ शकतं. बालवाडीतून पहिलीत जाताना याची आठवण ठेवा.

देशातल्या विमानासाठी बाल आधार सक्तीचं आहे का? नाही. नागरी विमान वाहतूक सुरक्षा ब्युरोनं, म्हणजे विमानतळांच्या सुरक्षेचे नियम ठरवणाऱ्या केंद्र सरकारच्या कार्यालयानं, 2017 मध्ये हे स्पष्ट केलं. वैध ओळखपत्र असलेल्या आईवडिलांबरोबर जाणाऱ्या तान्ह्या बाळाला आणि अल्पवयीन मुलाला वेगळं ओळखपत्र मागितलं जाणार नाही. ही सवलत विमानतळाच्या दारातून आत जाण्यापुरती आहे, हे मात्र ध्यानात घ्या. दारावरचा सीआयएसएफचा जवान बाळाला आत सोडेल, आणि तिथून 50 पावलांवरचा विमान कंपनीचा काउंटर तरीही वयाचा पुरावा मागेल. दारावर ओळख तपासतात, काउंटरवर भाडं. हा फरक माहीत नसल्यामुळेच "मुलांना काही लागत नाही" असं ऐकून लोक रिकाम्या हातानं येतात.

भाड्याचा संबंध असा. दोन वर्षं पूर्ण न झालेलं बाळ मोठ्या माणसाच्या मांडीवर बसून जातं, त्याला वेगळी जागा नसते. देशात त्याच्यासाठी एक ठरावीक रक्कम घेतात, परदेशी प्रवासात सहसा मोठ्यांच्या भाड्याच्या 10 टक्क्यांच्या आसपास. दुसरा वाढदिवस झाला की मुलाला स्वतःची जागा आणि स्वतःचं तिकीट लागतं. वय दोनच्या आत आहे हे आपण दाखवू शकलो नाही, तर कंपनी पूर्ण भाडं मागू शकते. प्रवासाच्या दिवशीचा तो दर आपल्या मूळ तिकिटाच्या कितीतरी वर असतो.

तिकीट काढताना वारंवार होणाऱ्या चुका आता पाहू. बाळाला जागा नाही म्हणून त्याचं नाव घालायची गरज नाही, असा समज फार आहे. मांडीवरचं बाळही प्रवासीच असतं आणि त्याचं नाव तिकिटावर असावंच लागतं. तिकीट काढताना मोठे, मुलं आणि तान्ही बाळं असे तीन रकाने दिसतात. दोन वर्षांखालचं बाळ तिसऱ्या रकान्यात घाला. आधी तिकीट काढून झालं असेल, तर कंपनीच्या संकेतस्थळावर किंवा फोन करून बाळ नंतरही जोडता येतं. ते निघायच्या दिवसावर ठेवू नका, कारण एका विमानात मांडीवरची बाळं किती घ्यायची यालाही मर्यादा असते.

वय मोजलं जातं ते प्रवासाच्या दिवशीचं, तिकीट काढतानाचं नाही. जाताना बाळ 23 महिन्यांचं आहे आणि परत येईपर्यंत दोन वर्षांचं होणार असेल, तर परतीला त्याच्यासाठी जागा घ्यावी लागते. दिवाळीला आजोळी येऊन महिनाभर राहणाऱ्या कुटुंबांची इथं हमखास गडबड होते. दोन्ही तारखा जन्मतारखेशी लावून पाहा.

एका मोठ्या माणसाच्या मांडीवर एकच बाळ चालतं. जुळी असतील, तर मांडीला मांडी हवी, म्हणजे सोबत आणखी एक मोठा माणूस हवा.

अगदी नवजात बाळाला जन्मानंतरचे पहिले काही दिवस विमान कंपन्या घेत नाहीत. किती दिवस, हे प्रत्येक कंपनीचं वेगळं असतं. बाळ दिवसांआधी जन्मलेलं असेल किंवा काचेच्या पेटीत ठेवावं लागलं असेल, तर प्रवासाला हरकत नसल्याचं बालरोगतज्ज्ञांचं पत्र घ्या. त्यावर तारीख, शिक्का आणि डॉक्टरांचा नोंदणी क्रमांक असू द्या.

आता वयाचा पुरावा म्हणून नेमकं काय न्यायचं? सगळ्यांत भक्कम तो जन्मदाखला. पासपोर्ट असेल तर तोही तितकाच चांगला. दाखला अजून मिळाला नसेल, तर दवाखान्यातून सोडताना मिळालेलं डिस्चार्ज कार्ड किंवा लसीकरणाचं कार्ड बहुतेक कंपन्या मानतात. कार्डावर जन्मतारीख स्वच्छ वाचता यावी आणि दवाखान्याचा शिक्का असावा. "बेबी ऑफ" आणि पुढे आईचं नाव एवढंच असलं तरी घाबरायचं कारण नाही. तिकिटावर आईचं नाव तेच असेल, तर दोन्हींचा मेळ बसतो.

मोबाइलमधल्या कागदांबद्दल नेहमी विचारलं जातं. एमआधार, म्हणजे आधारचं अधिकृत ॲप, ओळखपत्र म्हणून 2017 पासून चालतं. डिजिलॉकरमधला दाखलाही मूळ कागदाच्या बरोबरीचा मानतात. गॅलरीत ठेवलेला फोटो मात्र या दोन्हींत बसत नाही. माझ्या भाचीचं काम फोटोवर झालं, ते समोरच्या माणसानं समजून घेतलं म्हणून. आपण त्यावर विसंबू नका. मूळ कागद एका प्लास्टिकच्या पाकिटात घालून खांद्यावरच्या पिशवीत ठेवा. मोठ्या बॅगेत घातलेला दाखला पट्ट्यावरून आत गेला की तो मुक्कामीच भेटतो.

निघायच्या दिवशी क्रम असा असतो. दारावर जवान मोठ्यांची ओळखपत्रं आणि तिकीट पाहतो, बाळाचं नाव तिकिटावर आहे का तेही पाहतो. घरून मोबाइलवर चेक-इन केलं असलं, तरी बाळ सोबत असेल तर बहुतेक कंपन्या काउंटरवर यायला सांगतात, कारण बाळाचं वय माणसानं पाहायचं असतं. म्हणून अर्धा-पाऊण तास हाताशी जास्तीचा ठेवा. बाळाचा बोर्डिंग पास आईच्या किंवा बापाच्या पासला जोडून देतात. तो हातात पडला की त्यावरचं नाव तिथंच वाचून घ्या. पुढे सुरक्षा तपासणीत बाळाला बाबागाडीतून काढून कडेवर घ्यावं लागतं आणि गाडी यंत्रातून जाते. बाळाचं दूध, उकळलेलं पाणी, मऊ खिचडीचा डबा नेता येतो, मागितलं तर दाखवायचं. विमानात चढण्याच्या दारापाशी बोर्डिंग पास पुन्हा एकदा पाहतात. तोपर्यंत कागदाचं पाकीट आत टाकू नका.

मूल आजी-आजोबांबरोबर जात असेल, तर वरची सवलत तशीच लागू होईल असं समजू नका. ती आईवडिलांबरोबरच्या मुलांसाठी आहे. आजीच्या आधारवर आणि नातवाच्या आधारवर आडनाव एक असेलही, पण आईच्या आईचं आडनाव तर वेगळंच असणार. अशा वेळी मुलाचं बाल आधार किंवा शाळेचं फोटो असलेलं ओळखपत्र, जन्मदाखल्याची प्रत आणि आईवडिलांचं सहीचं साधं पत्र द्या. पत्रात मुलाचं नाव, कोणाबरोबर, कुठून कुठं, कोणत्या तारखेला आणि आपला फोन नंबर लिहा. सोबत आईवडिलांच्या ओळखपत्राची प्रत जोडा. हे पत्र विचारलं जाईलच असं नाही. विचारलं तर आजीला घाईघाईत आपल्याला फोन लावत बसावं लागणार नाही.

परदेशी जायचं असेल, तर एका दिवसाच्या बाळालाही स्वतःचा पासपोर्ट लागतो. पूर्वी मुलांची नावं आईवडिलांच्या पासपोर्टवर घालत. आता तसं होत नाही, आणि जुन्या आठवणीवर विसंबून आजोबा "तुझ्या पासपोर्टवर घाल की" म्हणाले तर त्यांना हे सांगा.

1 ऑक्टोबर 2023 रोजी किंवा त्यानंतर जन्मलेल्या मुलासाठी जन्मतारखेचा पुरावा म्हणून पासपोर्ट कार्यालय आता फक्त जन्मदाखलाच घेतं. 2025 मध्ये पासपोर्टच्या नियमांत तसा बदल झाला. म्हणजे आज आपल्या मांडीवर असलेल्या बाळाला दाखल्यावाचून गत्यंतर नाही. दाखला आधी, असं मी सुरुवातीला म्हटलं त्याचं हेही एक कारण.

अर्ज ऑनलाइन भरून पासपोर्ट सेवा केंद्राची वेळ घ्यायची. अर्जाबरोबर परिशिष्ट डी लागतं. मुलाचा तपशील खरा असून पासपोर्टला आपली संमती आहे, असं आई आणि वडील दोघांनी सहीनिशी सांगणारा हा कागद. तो साध्या कागदावर चालतो, नोटरीकडे जावं लागत नाही. दोघांपैकी एकाची सही मिळणं शक्य नसेल, म्हणजे वेगळे राहत असतील, वाद असेल किंवा पत्ता लागत नसेल, तर परिशिष्ट सी असतं. त्यात एकच पालक कारण सांगून सही करतो. डिसेंबर 2016 पासून अर्जात आई, वडील किंवा कायदेशीर पालक यांपैकी एकाचंच नाव दिलं तरी चालतं. एकट्या आईनं मूल वाढवणाऱ्या घरांना हा मोठा आधार आहे, आणि खिडकीवर कुणी "वडिलांचं नाव लागतंच" म्हणालं, तर नम्रपणे पण ठामपणे या बदलाची आठवण करून द्या.

चार वर्षांखालच्या मुलाचा फोटो आपणच न्यायचा असतो, पांढऱ्या पार्श्वभूमीवरचा, 4.5 बाय 3.5 सेंटिमीटरचा. तान्ह्याचा असा फोटो काढणं सोपं नसतं. पांढऱ्या चादरीवर बाळाला उताणं निजवा, खिडकीचा उजेड समोरून येऊ द्या आणि वरून फोटो घ्या. डोळे उघडे हवेत, तोंडात चोखणी नको, आणि मान धरणारा कुणाचा हात दिसायला नको. पोट भरल्यानंतरची दहा मिनिटं यासाठी सगळ्यांत चांगली. बाळाला केंद्रावर घेऊन जावं लागतं, म्हणून शक्यतो सकाळची वेळ घ्या.

नाव भरताना "गिव्हन नेम" आणि "सरनेम" असे दोन रकाने येतात. पहिल्यात बाळाचं नाव आणि हवं असल्यास वडिलांचं किंवा आईचं, दुसऱ्यात आडनाव. आपल्याकडे काही पालक विचारपूर्वक मुलाला आडनाव लावत नाहीत. त्या निर्णयाबद्दल मला आदर आहे, पण आडनावाचा रकाना कोरा ठेवू नका, तिथं आईचं किंवा वडिलांचं नाव घाला. नोव्हेंबर 2022 मध्ये संयुक्त अरब अमिरातीनं पासपोर्टवर एकच शब्द नाव असलेल्यांना पर्यटक व्हिसावर प्रवेश न देण्याचं ठरवलं. पुढे पासपोर्टच्या दुसऱ्या पानावर वडिलांचं किंवा कुटुंबाचं नाव असेल तर चालेल असा खुलासा आला, तरी विमानतळावर वाद घालण्याची वेळ येऊ नये हेच बरं.

लहान मुलाच्या पासपोर्टचं शुल्क 1000 रुपये आहे, आणि आठ वर्षांखालच्या मुलाला नव्या पासपोर्टसाठी त्यात 10 टक्के सूट मिळते. हा पासपोर्ट पाच वर्षांसाठी असतो, मोठ्यांसारखा दहा नाही. बऱ्याच देशांना पासपोर्टची मुदत अजून सहा महिने शिल्लक हवी असते. म्हणजे प्रत्यक्षात साडेचार वर्षंच हातात येतात. आईवडिलांचे पासपोर्ट ठणठणीत असतात, त्यामुळे मुलाचा संपत आलाय हे व्हिसा काढताना कळतं. आणि तीन महिन्यांच्या बाळाच्या फोटोवरून चार वर्षांचं मूल ओळखू येत नाही. इमिग्रेशनच्या खिडकीवर, म्हणजे देशाबाहेर जाण्याची नोंद होते तिथं, अधिकारी थोडा वेळ पाहत राहिला तर गोंधळून जाऊ नका, जन्मदाखला पुढे करा.

नेपाळ आणि भूतानचा नियम वेगळा आहे. 15 वर्षांखालच्या भारतीय मुलांना तिथं जाताना आधार चालतं. मोठ्यांना मात्र पासपोर्ट किंवा मतदार ओळखपत्र लागतं. काठमांडूच्या सहलीत मुलाचं आधार चाललं म्हणून बापानंही आपलं आधारच आणलं, असं आमच्या ओळखीत घडलं आहे.

एकच पालक मुलाला घेऊन परदेशी जात असेल, तर दुसऱ्याचं संमतिपत्र न्या आणि ते नोटरी करून घ्या. पालकांच्या भांडणात एकानं मूल देशाबाहेर नेण्याचे प्रकार जगभर घडतात, म्हणून अधिकारी विचारतात. कॅनडाचं सरकार असं पत्र जवळ ठेवण्याची शिफारस उघडपणे करतं. मुलाचं पूर्ण नाव, पासपोर्ट क्रमांक, प्रवासाच्या तारखा, तिकडचा पत्ता आणि न जाणाऱ्या पालकाचा फोन हे सगळं त्यात असावं. पत्र इंग्रजीत लिहा. दुसरा पालक हयात नसेल, तर मृत्युदाखला जवळ ठेवा. न्यायालयानं ताबा दिला असेल, तर आदेशाची प्रमाणित प्रत. अशी विचारपूस झाली तर मनाला लावून घेऊ नका, ती मुलाच्या काळजीपोटी असते.

उलट्या दिशेनं येणाऱ्या बाळांचंही सांगायला हवं. न्यू जर्सीत जन्मलेलं बाळ जन्मानंच अमेरिकी नागरिक असतं. त्याचा पासपोर्ट तिकडचा असतो, म्हणून आजोळी यायला व्हिसा किंवा ओसीआय कार्ड लागतं. ओसीआय म्हणजे परदेशी नागरिकत्व असलेल्या भारतीय वंशाच्या माणसाला भारतात ये-जा करायची मिळणारी कायमची मुभा. मुलाचा पासपोर्ट पाच वर्षांनी बदलला की ओसीआय कार्ड नवं काढायला लागत नाही, पण वीस वर्षांचं होईपर्यंत प्रत्येक नव्या पासपोर्टची प्रत आणि नवा फोटो संकेतस्थळावर चढवावा लागतो, तीन महिन्यांच्या आत, विनाशुल्क.

दुबईत जन्मलेल्या बाळाचं गणित वेगळं, कारण तिथं जन्मामुळे नागरिकत्व मिळत नाही. आईवडील भारतीय असतील, तर जन्माची नोंद तिथल्या भारतीय वकिलातीत वर्षाच्या आत करून बाळाचा भारतीय पासपोर्ट काढावा लागतो. वर्ष उलटलं तर केंद्र सरकारची परवानगी लागते. म्हणून पहिल्या वाढदिवसाला गावी यायचं ठरवत असाल, तर वकिलातीची वेळ तिकिटाच्या आधी घ्या.